धार लावणारे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतका धारेचा ध्यास घेतलेला माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा झाला नाही. ते महाळुंगे पडवळचे. पाहुणा दारात आला की पाण्याच्या आधी विचारत, "पावणं, चाकू हाय का खिशात? बगू." मग धार लावून डाव्या हातावरचे केस भादरून तपासत. तो हात कोपरापर्यंत कायम तुळतुळीत. लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरदेवाची सुरी धार लावायला मागून घेतलेलीही मी पाहिली आहे.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे रानवेलाच्या खुंटावर द्राक्षाची कलमं बांधायची लाट आली. कलमाला चाकू वस्तऱ्यासारखा लागतो, म्हणून साडू मला बेल्ह्याच्या बाजारात घेऊन गेले. अर्धा दिवस त्यांनी दगड पारखले. "चाकांतून पातं वढायचं ते यंत्र घिऊ नका, पातं खातंय. नुसता बारीक दगड नको, दम निघायचा न्हाई. नवशिक्यानं एका अंगाला भरड, दुसऱ्या अंगाला बारीक असा रुंद दगड घ्यावा. हात चुकला तरी माफ करतो." तो दगड मी घेतला आणि घरी फडताळात ठेवला. भिजवा, घासा, कोण करणार? गुपचूप ते ओढायचं यंत्रच आणलं. आठवड्यात पात्याची करवत झाली, कलमं वाळली, आणि मी चारचौघांत सांगितलं, "साडूंच्या दगडानं घात केला."

लोकांनी त्यांना चाकू दाखवणं बंद केलं. वर्षभरात साडूंच्या डाव्या हातावर केस उगवले. ते बघूनही मी यंत्राचं नाव काढलं नाही.

पुढच्या हंगामात साडू भर माणसांत आमच्या बागेत येऊन उभे राहिले. माझा चाकू उन्हात धरून पात्यावरचे चाकांचे ओरखडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. फडताळातला तोच दगड मागवून भिजवला आणि कलमं बघायला आलेल्या सासूबाईंना म्हणाले, "मामी, बसा."

"आरं, माजा जलम इळीवर गेला. मला काय कळतंय?"

"म्हणून तर तुमी पायजे. पात्याची पाठ नखभर उचला. या अंगानं ईस, त्या अंगानं ईस."

आधी भरड बाजू, मग बारीक. सासूबाईंनी घासलं, कलमाची काडी धरली आणि एका ओढीत तिरकी कापली. काप आरशासारखा! बागेत एकच आरडाओरडा झाला. "आजीनं धाकल्या जावयाचं नाक कापलं राव!" साडूंपुढे चाकूंची रांग लागली. सासूबाई तर दगड सोडायलाच तयार नव्हत्या.

तेवढ्यात कुणीतरी मला विचारलं, "मग भाऊ, गेल्या साली तुमचा चाकू का बिघाडला?"

माझ्या आधी साडू बोलले, "माजंच चुकलं. दगड भिजवायचं पावण्यांना सांगायचं ऱ्हायलं."

मी मान डोलावली. साडू आता नाहीत, म्हणून लिहून ठेवतो. त्यांचं सांगायचं काही राहिलं नव्हतं. बेल्ह्याहून घरी येईपर्यंत त्यांनी मला ते सात वेळा सांगितलं होतं.