घोट न गिळणारे गायकवाड सर

गायकवाड सरांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब गिळला नाही, आणि तरी रेड वाइन तोंडात घेऊन ती कोणत्या द्राक्षाची हे सांगणारा त्यांच्याइतका पक्का माणूस मी पाहिला नाही. आनंदनगर एमआयडीसीत आमची इसेन्सची कंपनी. चॉकलेटवाल्यांना वाइनचा स्वाद हवा असे, म्हणून लॅबमध्ये वाइनचे नमुने येत. सर घोट घेत, गालांत खेळवत आणि स्टीलच्या पेल्यात थुंकत. वर चार चुरमुरे खात. "पंचशील घेतलंय ना बाबा," ते म्हणत, "जिभेला परमिशन आहे, घशाला नाही."

मी नवीन होते. पहिला ग्लास हातात देऊन त्यांनी विचारलं, "काय येतंय?"

"वाइनचा वास येतोय, सर."

दुसऱ्या दिवशी ते डब्यात ढोबळी मिरची, काळी मिरी आणि बदलापूरची जांभळं घेऊन आले. मिरची मोडून माझ्या नाकाखाली धरली. "हा वास आला की द्राक्ष कॅबर्ने. मिरीचा वास आला की शिराझ. आता जांभूळ खा. जीभ आवळते ना? तो तुरटपणा सालीतला. कॅबर्नेची साल जाड, दात कोरडे करते. पुस्तक नंतर, आधी बाजारात जा."

सहा महिन्यांनी मला कायम करायचं की नाही, हे ठरणार होतं. त्याच सुमारास एका गिऱ्हाइकाने द्राक्षाच्या नावाचे स्टिकर हाताने लावलेल्या दोन बाटल्या पाठवल्या, आणि कंपनीच्या साहेबांनी त्यांच्यावरच माझी परीक्षा घेतली. मला धड काही कळेना. मग मी स्टिकर बघून ठोकून दिलं, "ही शिराझ."

सरांनी घोट थुंकला. "कॅबर्ने आहे. स्टिकर उलटे लागलेत."

साहेबांनी तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. स्टिकर खरंच उलटे लागले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब गेल्यावर सर म्हणाले, "स्टिकर तर मीपण चष्मा लावून वाचतो. त्याला तू कशाला पाहिजेस? नाही कळलं तर रजिस्टरमध्ये लिहायचं, कळलं नाही. त्याने कोण मरत नाय." माझ्यासाठी आणखी तीन महिने त्यांनीच साहेबांकडून मागून घेतले.

गेल्या वर्षी सर तापाने पडले. बरे होऊन आले ते गप्पगप्पच. एका सकाळी नमुना आला. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, खाली ठेवला, पुन्हा धरला. मला शेजारून मिरी स्पष्ट येत होती. मी हळूच म्हटलं, "सर, शिराझ."

तेवढं लिहून सही केली असती तर कुणाला कळलं नसतं. निवृत्तीला दोन वर्षं होती, धाकटीचं कॉलेज चालू होतं. सरांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'कळलं नाही.' खाली सही केली. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "तुला कळलंय ना? मग तू लिही." माझे डोळे भरून आले, अक्षरं दिसेनात. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

यंदा जांभळं आली तेव्हा खरवईला त्यांच्या घरी गेले. बशीतलं एक जांभूळ त्यांनी सवयीने गालांत फिरवलं. "वास झिरो. पण जीभ आवळते गं अजून, तेवढं राहिलंय." मग बशी माझ्यापुढे केली. "घे. तुला काय काय येतं ते सांग."

मी डोळे मिटून सांगत गेले. ओली माती, लवंग, थोडी मिरी. आणखी काहीतरी होतं, ओळखीचं, पण सापडेना. मी बराच वेळ शोधलं. शेवटी म्हटलं, "पुढचं कळलं नाही, सर."

"शाब्बास," सर म्हणाले.