प्रदर्शनाला येणारी बाई

भरे गावच्या वाटेवर आमचं कॉलेज आहे. तिथल्या ग्रंथालयात दरवर्षी मुलांचं संशोधन प्रदर्शन भरतं. जर्नलं, नकाशे, ऑनलाइन प्रबंध धुंडाळून मुलं पोस्टर करतात आणि शेजारी उभी राहतात. प्राध्यापक फोटोपुरते थांबतात. पालक फारसे येतच नाहीत.

एक धनगरीण मात्र न चुकता येते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. चपला दाराबाहेर काढते, डोक्यावरचा पदर सारखा करते आणि प्रत्येक पोस्टरसमोर थांबून सगळं ऐकून घेते. बोलणारं मूल मध्येच अडलं, तर हळूच "फुडं?" म्हणते.

"तुमचं कोण आहे इथं?" मी एकदा विचारलं.

"आता कुनी न्हाई. माजी लेक हितं शिकायची. त्या खिडकीपाशी असाच कागद लावून उभी व्हती. मला लई ये म्हनली, पर आमी मेंढरं घेऊन कोकनात. आता मेंढरं न्हाईत अन् ती सासरी. काय लिवलं व्हतंस सांग म्हनलं, तर म्हनती, इसरले."

यंदा खिडकीपाशी एक मुलगी गावच्या ओढ्याच्या पाण्यावरचं पोस्टर लावून उभी होती. तिनं सगळं भराभर सांगून टाकलं.

"तुजी आय आली व्हती का बघाया?" बाईनं विचारलं.

"नाही. तिला कंपनीत सुट्टी नाही मिळाली."

बाईनं जवळची खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसली.

"मंग मला परत सांग. पैल्यापासनं. दमानं."