आधी आंबील कुणी प्यायची

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलत होतात, त्यामुळे मला नीट कळलं नाही. नंतर तुमच्या बाबाने समजावून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेली ती मालिका आता तुमच्याकडेही दिसायला लागली आहे, खाली इंग्रजी अक्षरांसकट, आणि तुम्ही तिचे सहा भाग पाहिले आहेत. "आजी, हे आपल्या लातूरकडचंच आहे ना? पण खुनी कोण ते सांगू नकोस हं, अजून दोन भाग राहिलेत," असं थोरली म्हणाली. तेव्हा मी सांगितलं नाही. आता सांगते. त्या मालिकेत जिला खुनी ठरवलं आहे ती तुमची थोरली आजी आहे, गेल्या खेपेला जिने तुम्हाला शेतात बसवून हुरडा खाऊ घातला ती. तिने कुणाचाही खून केलेला नाही. हे तुम्ही उरलेले दोन भाग बघायच्या आत तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आज लिहायला बसले. मराठी अडलं तर बाबाकडून वाचून घ्या.

नांदेडच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते हे तुम्हाला माहीत आहे. त्याच विभागात माझी एक मैत्रीण होती. वर्गात आम्ही दोघी कवितेवर गंभीरपणे बोलायचो आणि पर्समध्ये खुनाची कादंबरी असायची. शनिवारी तास संपले की मी तिच्या घरी जायचे, विष्णुपुरीच्या रस्त्याला. चहा, चिवडा आणि रहस्यकथा. आमचा एक खेळ होता. पुस्तक अर्ध्यावर आलं की थांबायचं, चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचं आणि चिठ्ठी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायची. पुस्तक संपल्यावर बरणी उघडायची. ती बहुतेक वेळा जिंकायची. मी माणसांच्या स्वभावावरून नाव लिहायचे, ती घड्याळाच्या वेळांवरून.

या जातीच्या पुस्तकांचा एक नियम असतो. लेखकाला जे ठाऊक आहे ते सगळं त्याने वाचकापुढे मांडलं पाहिजे. कुठे आडोशाला ठेवा, पण ठेवा. एखाद्याने शेवटच्या प्रकरणात अचानक नवा पुरावा काढला की माझी मैत्रीण पुस्तक पालथं टाकायची आणि म्हणायची, "बेईमान निघाला गं हा." पुढे त्या लेखकाचं पुस्तक तिच्या घरात यायचं नाही.

आता शेतातली गोष्ट.

निलंग्याच्या बाजूला आपलं गाव आहे. तिकडे हिवाळ्यातल्या एका अमावस्येला येळवस करतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, आत पाच दगड मांडून पूजा करायची, आणि जो येईल त्याला जेवू घालायचं. ओळखीचा, बिनओळखीचा, वाटेने जाणाराही. भज्जी असते, ती तुम्हाला ठाऊक असलेल्या भज्यांसारखी नसते. हिरवे दाणे, शेंगा, भाज्या आणि बेसन एकत्र शिजवतात. आणि असते आंबील. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून मातीच्या बिंदग्यात आदल्या दिवसापासून ठेवलेली. जी बाई ती करते ती बिंदगं डोक्यावर घेऊन शेतात जाते, सगळ्यांना वाढते आणि स्वतः सर्वांत शेवटी पिते. तळाला उरलं तर. हे कुणी शिकवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा भूक लागली म्हणून मधेच पेला तोंडाला लावला होता. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या.

अक्का, म्हणजे तुमची थोरली आजी, माझी थोरली जाऊ, आमच्या घरची आंबील करायची. तुमचा बाबा कॉलेजात होता त्या वर्षीची येळवस. अक्काचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, जेवले, दोन पेले आंबील प्यायले आणि घोंगडीची उशी करून कोपीच्या सावलीत आडवे झाले. अक्का तिसरा पेला घेऊन हाक मारायला गेली तेव्हा ते गेलेले होते.

त्या दिवसांत दोघांची बोलचाल बंद होती. विहिरीजवळचं रान लेकीच्या नावे करावं असं अक्काचं म्हणणं होतं, ते नको म्हणत होते. सगळ्या गावाला हे माहीत होतं. त्यामुळे चार दिवस कुजबूज झाली. मग दिरांच्या कपाटात कपड्यांखाली लातूरच्या डॉक्टरांची फाइल सापडली. हृदय खिळखिळं झालं होतं, सहा महिन्यांपूर्वीच डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांनी ती फाइल दहाव्याला जमलेल्या लोकांपुढे वाचून दाखवली. कुजबूज थांबली. पुढच्या येळवसीला माणसं नेहमीसारखी आली.

काही वर्षांनी एका शनिवारी आमच्याकडे नवं पुस्तक नव्हतं. मैत्रीण म्हणाली, "तूच एखादी केस सांग." आणि मी ही सांगितली.

मी छान सांगितली. वर्गात शिकवताना जसा आवाज लावतात तसा लावून. कोप, बिंदगं, बंद बोलचाल, विहिरीजवळचं रान. अक्काने दिवसभर थेंबसुद्धा घेतला नाही, सगळ्यांचं झाल्यावर घेणार होती, हेही सांगितलं. ते मी कौतुकाने सांगितलं होतं. शेवटी डॉक्टरांची फाइल सांगितली. मैत्रीण म्हणाली, "फाइल बाजूला ठेव. समजा हा खून आहे. लिही नाव." आणि मी हसत हसत चिठ्ठीवर लिहिलं, थोरली जाऊ. त्या दिवशी आमच्या दोघींच्या चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं.

निवृत्तीनंतर मैत्रीण लिहायला लागली. तिची कादंबरी आली तेव्हा ती स्वतः रिक्षा करून घरी आली आणि पुस्तक माझ्या हातात ठेवलं. पहिल्या पानावर छापलं होतं, माझ्या शनिवारच्या मैत्रिणीस. मी त्या पानावरून हात फिरवला. मग वाचायला बसले, आणि साठाव्या पानावर कोप आली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. शनिवार नव्हता.

"नावं बदललीत, गाव बदललंय, अगं तालुकासुद्धा बदललाय," ती म्हणाली. "कोण ओळखणार आहे?"

"डॉक्टर कुठे गेला?"

"कुठला डॉक्टर?"

"फाइलवाला. तो सबंध पुस्तकात कुठेच नाही."

"डॉक्टर ठेवला असता तर कादंबरीच उरली नसती, वेडे."

"आणि ती शेवटी पिते यावरून तू तिला पकडलंस? ती रीत आहे! ते मी तुला कौतुकाने सांगितलं होतं."

"वाचकाला कौतुक दिसत नसतं. त्याला एवढंच दिसतं की बाईने केलं आणि बाई प्यायली नाही." तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "आणि चिठ्ठीवर नाव तूच लिहिलं होतंस. मी नुसतं ते पुरं केलं."

मी चहा न घेता उठले. तिने आयुष्यभर लेखकांना ज्या कारणासाठी घराबाहेर काढलं तेच तिने केलं होतं, तेही ज्याच्या घरची गोष्ट त्याच माणसाच्या डोळ्यांदेखत. पण जिन्यात मला तिच्यापेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली होती. गावात कुणी कादंबऱ्या वाचत नाही, अशी मी समजूत घालून घेतली आणि अक्काला काही सांगितलं नाही.

मग त्या कादंबरीवरून ही मालिका आली. हल्ली सगळ्या गुन्हेकथा तालुक्याला उतरल्या आहेत. पूर्वी खून मोठ्या शहरात व्हायचे, आता उसाच्या फडात आणि आडत बाजारात होतात. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवण्यांतून रकाने भरून कौतुक झालं. मराठवाड्याची अस्सल माती, अस्सल भाषा. एकाने तर लिहिलं होतं की पेल्याला ओठ न लावणाऱ्या सुनेचं ते दृश्य बऱ्याच दिवसांत पाहिलेलं सर्वांत थंड डोक्याचं दृश्य आहे. ते मी दोनदा वाचलं. लिहिणारा माणूस कधी येळवसीला गेला नसणार, त्याला मी दोष देत नाही.

गावातल्या बायकांना मात्र मी देते. त्यांनी दुपारी कामं आटोपून मोबाइलवर आठही भाग बघितले. या सगळ्या बाया स्वतः शेवटी जेवतात. आपापल्या घरची आंबील स्वतः करून शेवटी पितात. आणि त्यांनाच पडद्यावर ते बघून वाटायला लागलं की, अगंबाई, खरंच की, अक्का त्या दिवशी प्यायलीच नव्हती.

मी एसटीने लातूरला आणि तिथून गावाला गेले. अक्का ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"या मॅडम. बघितलं का मला टीव्हीत?"

"तुम्ही बघितलं?"

"बघितलं की. ती नटी लई देखणी हाय. मला खूनच करायला लावायचा तर तोंड तरी सारखं घ्यायचं." ती स्वतःशीच हसली. "आन् भज्जीत गाजर किसून घातलंय गं त्यांनी. गाजर! ते बघूनच त्यो मेला आसंल."

मीही हसले. मग ती हसायची थांबली.

"त्यातली मास्तरीण जाऊ तूच हाईस न्हवं? ही गोष्ट भाईर गेली कशी?"

मी सगळं सांगितलं. शनिवार, चहा, बरणी. चिठ्ठीसुद्धा सांगितली. ते सांगितलं नसतं तरी तिला कळलं नसतं, पण तिच्यासमोर बसून आणखी एक गोष्ट झाकणं मला जमेना.

ती शेंगा सोलत राहिली. हातातली शेंग मोडत म्हणाली, "म्हंजी तू माझं नाव लिवलंस."

"खेळात लिहिलं, अक्का."

"खेळात का व्हईना. लिवलंस तर." मग सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "सोल. बसून काय ऱ्हायलीस."

त्या वर्षी ती येळवस करणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. लेकीने फोन करून सांगितलं, एक वर्ष राहू दे. अक्काने तिला उत्तर दिलं, "औंदा केली न्हाई तर मंग कवाच करता यायची न्हाई." मला निरोप आला. मी आदल्या दिवशीच गेले.

माणसं आली. नेहमीपेक्षा कमी, पण आली; न येणं फार उघड दिसलं असतं. भज्जी सगळ्यांनी खाल्ली, दोनदा मागून घेतली. अक्का बिंदगं घेऊन पंगतीत फिरायला लागली तेव्हा पहिली बाई म्हणाली, "मला नगं अक्का, घसा धरलाय." दुसरीला सकाळपासून पित्त झालं होतं. तिसरीने नुसताच पेला पालथा घातला. तेवढ्यात पलीकडच्या पंगतीतून दिरांचा एक चुलतभाऊ ओरडला, "वहिनी, आधी सांगा, कॅमेरा कुठं लावलाय?"

माणसं हसली. काही जणांनी तोंडाला रुमाल लावला, पण हसली.

अक्का पंगतीच्या मधोमध थांबली. बिंदगं खाली ठेवलं. पालथा घातलेला तोच पेला उचलला, काठोकाठ भरला आणि सगळ्यांसमोर उभ्यानेच प्यायली. पुन्हा भरला, पुन्हा प्यायली. लग्न होऊन आल्यापासून तिने कधी पाहुण्यांच्या आधी घोट घेतला नव्हता. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "झालं? बघितलं सगळ्यांनी? आना आता पेले."

मग त्या चुलतभावाने खाली बघत पेला पुढे केला. त्याच्या मागून बाकीच्यांनी.

मी तिच्या शेजारीच उभी होते. माझ्या हातात पेला होता, तिनेच सगळ्यांत आधी भरून दिलेला. तो मी पहिली बाई नको म्हणाली तेव्हाच प्यायला हवा होता. मला ते सुचलंच नाही. मी माणसांचे चेहरे बघत होते. आता कोण नको म्हणेल, कोण घेईल, हे मनात ओळखत होते, पुस्तक अर्ध्यावर आल्यावर ओळखायचे तसं. अक्काने माझ्या भरलेल्या पेल्याकडे एकदा बघितलं आणि पुढे गेली.

त्यावर ती आजतागायत एक शब्द बोललेली नाही. मीही विषय काढलेला नाही. मैत्रिणीचे फोन येतात, मी घेत नाही. तिच्या दुसऱ्या पुस्तकाचीही मालिका होणार असं ऐकते. रहस्यकथा मी सोडल्या असं तुम्हाला खोटं सांगणार नाही. दुपारी वाचते, एकटीच.

राहिलेले दोन भाग बघायचे तर बघा. पुढच्या वेळी याल तेव्हा ती फाइल मी तुम्हाला दाखवीन. ती माझ्याकडे नीट ठेवलेली आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

त्यानंतर आणखी एक येळवस झाली. माणसं पहिल्याइतकी आली, आंबील पुरली नाही. अक्का आता सगळ्यांच्या आधी पिते, न विचारता, न सांगता, आणि मग वाढायला घेते. मला बोलावण्याचा निरोप तिच्याकडून अजून येतो.