माझं न ऐकणारा बाईंचं ऐकायचा

बाई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, कारण नका सांगू. हातानं काय केलं, तेवढंच सांगा."

मारहाणीच्या केसमध्ये कोर्टाने माझ्या नवऱ्याला दर मंगळवारी यवतमाळला समुपदेशनासाठी ज्यांच्याकडे धाडलं, त्या या बाई. चुरगळलेली सुती साडी, घोगरा आवाज. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, यात जळण्यासारखं काय आहे?

पण मी जळायचे. खोटं कशाला बोलू!

बारा वर्षं मी हात जोडले, पाया पडले, पोरीची शपथ घातली. हा ढिम्म. आणि बाईंपुढे पहिल्याच मंगळवारी मान खाली घालून म्हणतो, "थापड मारली. मंग ढकललं. तिचं डोस्कं आपटलं." माझ्या आईला यानेच सांगितलं होतं, पाय घसरून पडली म्हणून.

मारणं थांबलं. पांढरकवड्याला परतताना एसटीत एकच जप, "बाई म्हणतात, राग आला का बाहेर जावं. बाई म्हणतात, पाणी प्यावं." अहो, मी तेच सांगत होते तेव्हा कानात बोळे होते का? मार थांबल्याचं सुख होतं, पण दुसरीच्या शब्दाने थांबला हे खुपायचं.

एकदा बाईंना विचारलंच, "तुमचं आयकते, माह्यं काहून नाही आयकत?"

बाई हसल्या नाहीत. "माझ्यामागे कोर्ट आहे, ताई. तुमच्यामागे कोण होतं? मी नसताना हात थांबला, तरच खरं समजा."

पटलं. पण जळणं काही गेलं नाही.

सहाव्या मंगळवारनंतर बाईंची बदली झाली. पोरीला मी आईकडे ठेवून आले.

रविवारी जेवताना माझ्या भावावरून वाद पेटला. नवऱ्याचा हात वर गेला. मी भिंतीला टेकले. हात तसाच खाली आला आणि तो अंगणात निघून गेला. थोड्या वेळाने परतला तो फोन काढतच. "बाईले सांगतो, आज नाही मारलं."

मी फोन हिसकावला. "त्याहिले कायले सांगता? मले सांगा. आजवर मार म्या खाल्ला!"

तो माझ्याकडे बघत म्हणाला, "हात वर गेलता. तू भिंतीले टेकली, ते दिसलं मले."

मी लगेच विरघळले असं समजू नका. पोरीला आणायला आणखी महिना घेतला.

बाईंना हे ऐकून किती बरं वाटलं असतं, मला कळतं. तरी त्यांना अजून फोन केलेला नाही. एवढं तरी माझं एकटीचं राहू दे.