तीन नंबरच्या ढिगाखालचा माच

कोळशाच्या ढिगाला घाम आला होता. सकाळचे साडेसात. तीन नंबरच्या ढिगाचा उतार ओला होऊन चमकत होता आणि शेजारचे दोन्ही ढीग कोरडे ठणठणीत. वैशाख चालू होता, त्यामुळे पावसाचा प्रश्न नव्हता आणि दव पडायचे दिवसही सरले होते. मी हातमोजा काढून तळवा टेकवला. झोपलेल्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा तो कोमट लागला. मला तो स्पर्श आवडला, हे आधीच कबूल करते. घाबरायचं असतं हे सुचायला आणखी मिनिटभर गेलं.

रत्नागिरीजवळ खाडीवर एक छोटी खाजगी जेटी आहे. तिथल्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. मोठं जहाज बाहेर समुद्रात उभं राहतं, त्यातला परदेशी कोळसा बार्जमधून जेटीवर येतो, यार्डात ढीग लागतात आणि तिथून ट्रक भरून कारखान्यांकडे जातात. प्रत्येक ढिगाचं सॅम्पल घ्यायचं आणि त्यात ओल किती, राख किती, तापवल्यावर वायू होऊन उडणारा भाग किती आणि उरलेला कार्बन किती, हे सांगायचं, एवढं माझं काम. त्या उडणाऱ्या भागाला आम्ही व्होलाटाइल म्हणतो. तो मोजायला कोळशाची पूड झाकणाच्या छोट्या भांड्यात घालून भट्टीत लालभडक तापवतात. झाकणामुळे हवा आत जात नाही, म्हणून कोळसा पेटत नाही, नुसता तापतो. आधी पाणी जातं, मग वायू आणि डांबरासारखी वाफ, आणि तळाशी कोक उरतो. काजूच्या बिया भाजताना तुम्ही पाहिल्या असतील. टरफलातलं तेल सुटतं आणि भडका उडतो, तेव्हा जळत असतं ते तेल. कोळशाची ज्योतही अशीच त्या वायूंची असते. तो स्वतः मागाहून, निवांत, निखारा होऊन जळतो.

या चार आकड्यांपलीकडे मला पाचवी गोष्ट दिसायची. तिला रिपोर्टात रकाना नाही. हे सगळं कधीकाळचं रान होतं, दलदलीत आडवं झालेलं. भट्टी उघडली की कुठल्याशा झाडाने पानांवर झेललेलं ऊन लॅबभर पसरतं असं मला वाटायचं, आणि मी हातात चिमटा धरून तशीच उभी राहायचे. आमचे हे म्हणायचे, तुझी तंद्री एक दिवस नडणार. नडली.

त्या सकाळी ढिगापाशी उभी असतानाच मागून गंगारामदादा आले. हे आमच्या यार्डाचे मुकादम. देवरुखच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव, अठरा वर्षं यार्डात, वयाने माझ्याहून मोठे. त्यांच्या हातात एक हापूस होता, पिवळाधमक. ढिगामागच्या अवजारांच्या शेडमध्ये ते दर वर्षी दोन पेट्यांची अढी घालायचे, म्हणजे भाताच्या पेंढ्यात कच्चे आंबे पिकत ठेवायचे.

"बाय, आडी चार दिस आदीच पिकली," ते म्हणाले. "पन्नास वर्सं आंबं घालतोय, आसं कदी झालं न्हाय. आनि ह्यो वास बघा."

मी आंबा नाकाशी धरला. गोड वासाच्या मागून रॉकेलसारखी एक बारीक लकेर येत होती. आंबा पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि त्याने शेजारचा आंबाही पिकतो. अढीचं सगळं गणित ते. कोळसा आतून चांगलाच तापला की त्यातून जे वायू सुटतात, त्यातही थोडं इथिलीन असतं. समुद्राचा वारा ढिगातून शिरून सरळ शेडवर जात होता. ते आंबे ढिगाच्या वायूने पिकले की नुसत्या उबेने, हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि रिपोर्टातही मी ते लिहिलं नाही. पण त्या क्षणी कोट्यवधी वर्षांपूर्वीचं रान आणि दादांचे आंबे एकमेकांशी काही बोलत आहेत असं मला वाटलं.

मग मी भानावर आले. पोलादी नळी ढिगात ठोकून तिच्यात थर्मामीटर सोडला. हातभर आत कोमट, आणखी आत गरम, आणि खाडीकडच्या बाजूने तळाशी गेल्यावर पारा वाट पाहायलाच तयार नव्हता.

कोळसा काडी न लावता पेटतो, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. ताज्या कोळशावर हवेतला ऑक्सिजन बसतो आणि त्यातून थोडी ऊब निघते. वारा मोकळा असेल तर ती ऊब उडून जाते. ढीग दाबून घट्ट केला असेल तर हवाच आत जात नाही. वाईट ती मधली अवस्था. ऊब तयार होईल एवढी हवा आहे, पण ती उडून जाईल एवढी नाही. मग ऊब साठते, आतली ओल वाफ होऊन वर येते आणि गार पृष्ठभागावर पाणी होते. हाच तो घाम. आमच्याकडे येणारा कोळसा वयाने कोवळा, ओलसर आणि व्होलाटाइलने भरलेला. असा कोळसा फार लवकर रागावतो.

मॅनेजर पाटीलसाहेबांना फोन केला. ते कोल्हापूरकडचे, कामाला वाघ, पण धीर कमी. पाच मिनिटांत जीप आली आणि उतरता उतरताच त्यांनी होज सोडायला सांगितली.

मी म्हटलं, "साहेब, पाणी नको."

"मॅडम, आग विझवायला पाणी नको तर काय दूध घालू?"

मी समजावलं. पाणी वरून ओघळून जाईल, आतल्या गाभ्यापर्यंत पोचणार नाही. जाताना ज्या चिरा पाडेल, त्यातून उद्या आणखी हवा शिरेल. आणि चुकून लाल निखाऱ्यापर्यंत पोचलंच, तर पाणी आणि कोळसा मिळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतात. दोन्ही जळणारे, आणि पहिला तर बिनवासाचा विषारी. माणसं जवळ असताना ते नको. उपाय कष्टाचा आहे. तापलेला भाग उकरून काढायचा, यार्डात पातळ पसरून निववायचा आणि मग थराथराने दाबत पुन्हा रचायचा.

साहेबांनी पसरायला जागा कुठाय म्हणून विचारलं, दुसऱ्या दिवशी बार्ज लागणार होती. मी जेटीचा रस्ता दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला, पण जेसीबी मागवला.

शेड रिकामी केली. माणसांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं केलं. जेसीबीने खाडीकडची बाजू ओढायला सुरुवात केली, तशी काळ्या कोळशातून पिवळसर धूर निघाला आणि डांबराचा वास सुटला. माझ्या भांड्यात चिमूटभर पुडीचं जे होतं, ते इथे उघड्यावर टनांनी चाललं होतं. तळाशी पोचल्यावर जेसीबीच्या दातांत काहीतरी अडकलं. बांबूचे वासे होते, आडवेउभे रचलेले. कडेचे पिवळे, आतले काळे ठिक्कर. हवा बेताची, आच भरपूर, त्यामुळे ते जळून राख न होता त्यांचा कोळसा झाला होता. दलदलीला ज्याला युगं लागली, त्याच्या जवळपासचं काहीतरी आमच्या यार्डात तीन आठवड्यांत झालं होतं. मी पुन्हा बघतच राहिले.

"हे कुणी घातलं खाली?" पाटीलसाहेबांनी विचारलं.

आमच्याकडे भाताच्या पेंढ्याची उडवी रचतात, तेव्हा खाली लाकडांचा माच करतात. जमिनीची ओल चढत नाही, खालून वारा खेळतो आणि पेंढा वर्षभर टिकतो. लाकूडफाटाही तसाच रचतात. शेतकऱ्याच्या हाताला हे सांगावं लागत नाही. पण पेंढ्याला जो वारा तारतो, तोच कोळशाला पेटवतो. समुद्राच्या वाऱ्यासमोर या माचाने नेमकं भट्टीचं तोंड उघडून ठेवलं होतं.

"मी घातलं, सायब," गंगारामदादा म्हणाले.

"कुणाला विचारून?"

"माज्याच डोक्यात आलं."

साहेबांनी हात पुढे केला आणि गेटपास मागितला. एका जेटीवरून आगीच्या कारणाने गेटपास काढून घेतलेल्या मुकादमाला दुसरी जेटी उभं करत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. दादांनी खिशात हात घातला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या न पाहण्यामुळेच मला आठवलं.

चैत्रात ओल जास्त आली म्हणून एका कारखान्याने माल परत पाठवायची धमकी दिली होती. मीच दादांना म्हटलं होतं, काहीही करा, पण ओल कमी करा. दोन दिवसांनी हा ढीग लागत होता, तेव्हा मला बार्जमधल्या कोळशाच्या एका चपट्या चिपेवर पानाचा ठसा सापडला. शीरन् शीर उमटलेली. मी ती उन्हात तिरपी करकरून पाहत होते. दादा बाजूला येऊन काहीतरी विचारत होते. ओल खालून चढते, माच घालतो, चालेल ना बाय? मी मान वर न करता म्हटलं होतं, चालेल.

तीन आठवड्यांत मला त्याची आठवण झाली नव्हती. मला स्वतःची अतोनात लाज वाटली.

"साहेब, त्यांनी मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी हो म्हटलं."

दादा घाईने म्हणाले, "बायचं ध्यान नव्हतं, सायब."

"तेच सांगतेय मी," मी म्हटलं.

पाटीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं. आवाज उतरला होता. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती. हे लेखी दिलं तर रेकॉर्डला लागेल, रिपोर्टवर सही करायचा अधिकार जाईल, आणि तोंडी मिटवायचं तर मुकादमाला काढून मिटतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त वर पाठवायला एक नाव हवं होतं. मी लॅबमध्ये जाऊन एक पान लिहिलं. केमिस्टला विचारून माच घातला, केमिस्टने ढिगाकडे न पाहता परवानगी दिली. खाली सही केली. लॅबची इन्चार्ज म्हणून केलेली ती माझी शेवटची सही.

ढीग निवायला तीन दिवस लागले. बार्ज बाहेर थांबून राहिली आणि साहेबांना वरून बोलणी बसली. नवीन ढीग दाबून रचताना दादा रोलरच्या मागे मागे फिरत होते. गेटपास त्यांच्या खिशातच राहिला. मी पुढची दोन वर्षं माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलीच्या सहीखाली सॅम्पलं केली. ती हुशार होती, तंद्री वगैरे काही नव्हती. सुरुवातीला टोचलं, खोटं कशाला बोलू. पुढे सवय झाली. पानाची चीप मात्र मी टेबलावरून हलवली नाही.

या धंद्यात शिकण्यासारखं मी पुष्कळ शिकले, त्यातलं एवढं सांगते. कोळसा तापायला काडी लागत नाही. थोडी हवा आणि कुणाचं तरी अर्धवट लक्ष पुरतं.

यंदाही दादा घरी येऊन गेले. दोन डझन आंबे पेंढ्यासकट आणून पडवीच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लावून दिले. मी तेव्हा दारातल्या कलमावरच्या लाल मुंग्यांचं घरटं पाहत होते, पानं शिवून शिवून केलेलं. दादा उठले, हात झटकले आणि माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले.

"बाय, आडी शुक्रवारी उगडायची. शनिवारी न्हाय. काय सांगितलं मी?"

त्या दिवसापासून ते मला प्रत्येक गोष्ट अशीच सांगतात आणि माझ्याकडून वदवून घेतात.

"शुक्रवारी," मी म्हटलं.

"हां," दादा म्हणाले, आणि मग चपला घातल्या.