लाल फितीमागची पिशवी

नाताळच्या, म्हणजे नोएलच्या, दिवशी जन्मली म्हणून तिचं नाव नोएलीन ठेवलं. त्या दिवशी सगळं जग येशूचा वाढदिवस करतं, त्यामुळे नोएलीनचा वेगळा असा कुणी केला नाही, आणि तिनेही कधी मागितला नाही. ट्रेगियरांच्या घरातली ती धाकटी. वर एक भाऊ, क्लॅरेन्स. सोन्याच्या खाणींचं अख्खं कॅलगूर्ली गाव त्याला क्लॅरी म्हणूनच ओळखायचं, आणि तो तिला नेल म्हणायचा.

दगडाचं पीठ करणं हा नोएलीनचा जन्मभराचा धंदा. खाणींतून नि रानातून कापडी पिशव्यांत दगड यायचे. ते वाळवायचे, फोडायचे, चक्कीत घालून टाल्कम पावडरीसारखे मऊ दळायचे, आणि ते पीठ भट्टीकडे पाठवायचं. दगडात सोनं किती ते भट्टी सांगणार. लग्न होण्याआधीपासून ती हे हाताने करत आली होती. नवरा गेला, मूलबाळ झालंच नाही, पण लॅब सुटली नाही. संध्याकाळी अंघोळ केली तरी कानामागून राखाडी पाणी निघे.

मग लॅबमध्ये रोबोट आला. पिवळ्या जाळीच्या पिंजऱ्यात एक लांब केशरी हात. रांगेतला डबा उचलायचा, चक्कीत रिकामा करायचा, पीठ मोजून भट्टीच्या मुशीत घालायचं, वाऱ्याच्या झोताने चक्की झाडायची आणि पुढचा डबा उचलायचा. सोबतच्या बायका त्या वर्षी घरी बसल्या. नोएलीनला ठेवून घेतलं, कारण ती वेळेवर यायची आणि उलट बोलायची नाही. त्यानंतर त्या बायका दुकानात भेटल्या की भाजीच्या टोपल्यांकडे बघत पुढे जायच्या. नोएलीनने ते मनाला लावून घेतलं, पण बोलणार कुणाशी? दिवसभर समोर तो हात आणि एक पडदा.

भट्टीवर रोवेना होती, फिलिपिनो, तोंडाची फटकळ आणि मनाने लोण्यासारखी. रोबोटचं नाव बर्ट तिनेच ठेवलं. पिंजऱ्यात शिरायचं तर आधी दार उघडं ठेवून त्याच्या कडीला आपलं कुलूप लावायचं, म्हणजे आत माणूस आहे तोवर बर्ट हलणार नाही, असा तिथला नियम. प्रत्येकाच्या कुलपावर त्याचा फोटो. नोएलीनच्या फोटोत ती रडवेली दिसायची.

"हाच फोटो तुझ्या शवपेटीवर ठेवू का गं?" रोवेना विचारायची. "नवीन काढायचा खर्च वाचेल."

"ठेव की. तोवर तू उरलीस तर."

बर्टला सगळं यायचं, पण डोळे नव्हते. ज्या दगडात सोनं नुसतं डोळ्यांना दिसतं, त्या पिशवीला खाणवाले लाल फीत बांधतात. सोनं मऊ असतं, ते दळलं जात नाही. लोणी भांड्याला माखावं तसं ते चक्कीला माखून बसतं, आणि वाऱ्याने हलत नाही. म्हणून लाल फितीच्या पिशवीमागे पांढऱ्या गारगोटीच्या वाळूचा एक डबा लावायचा. ती वाळू चक्कीत फिरून सगळं पुसून नेते, आणि मगच दुसऱ्याचा दगड आत घालायचा. लाल फीत ओळखणं आणि मागे वाळू लावणं, एवढं बर्टच्या राज्यात माणसाकडे राहिलं होतं.

आता क्लॅरीचं. बायको बेव्ह गेल्यापासून तो गावाबाहेरच्या रानात जास्त आणि घरात कमी. उमेदीची वर्षं त्याने खाणीत काढली, आणि खाणीने त्याच्या छातीत धूळ भरून ठेवली. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं की आता उन्हातान्हात खोदणं बंद, दूर पर्थ शहरात मोठ्या इस्पितळाजवळ राहायचं. मुलीने, केरिनने, तिथे त्याच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. खूप विनवण्या झाल्यावर ईस्टरनंतर जायचं त्याने कबूल केलं. फक्त शेवटच्या तीन पिशव्यांचा निकाल हातात पडू दे म्हणाला.

त्या तीन पिशव्या लॅबच्या बाकाखाली पडून होत्या. मोठ्या खाणींचा माल आधी, एकट्यादुकट्याचा नंतर, हा रिवाजच. क्लॅरी रोज फोन करायचा.

"काय गं, माझ्या पिशव्यांची पाळी आली का नाही?"

"रांग आहे, क्लॅरी."

"असू दे. मी मेल्यावर थडग्यावर निकाल चिकटव. बेव्हला वाचून दाखवीन."

असं बोलून तो हसायचा, आणि हसता हसता खोकायचा. तो खोकला फोनवर ऐकवत नसे. असा एक खोकला ऐकूनच नोएलीन एका शुक्रवारी कामावर आली. बर्टची रांग भरत होती. शेवटी लाल फितीची एक पिशवी, तिच्यामागे वाळूचा डबा, आणि मागे दोन जागा रिकाम्या. क्लॅरीच्या पिशव्या तीन. तिने इकडेतिकडे पाहिलं. ही लाल फीत ज्या खाणीची, तिथली पोरं पिवळं काही चकाकलं की फीत बांधतात, आणि बहुतेकदा ते सोनं नसतंच. तिने मनाशी म्हटलं, एकदाच. वाऱ्याचा झोत तर आहेच. वाळूचा डबा तिने काढून घेतला आणि भावाच्या तीन पिशव्या क्रमाने लावल्या. कुलूप काढलं, जाळीचं दार लावून घेतलं. बर्टने काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती चर्चमधून येऊन मटण-बटाटा भरलेल्या पॅस्ट्या ओव्हनमध्ये ठेवतेय, तोच क्लॅरी दारातून ओरडतच आला. हातात कागद, दाढी केलेली. दाढी त्याने बेव्हच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच केली असावी.

"नेल! बस. बस म्हणतो ना! पॅस्टी जळू दे."

त्याने टेबलावर सॉसची बाटली ठेवली, तिच्यापासून वीतभर अंतरावर मिठाची कुपी, आणि पुढे मिऱ्याची.

"ही पहिली पिशवी. कुंपणाजवळच्या खडकातली. सोनं इतकं, की लॅबच्या पोरीने मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. ही दुसरी, तिथून पूर्वेला. कमी, पण आहे. ही तिसरी, आणखी पूर्वेला. नावापुरतं. कळलं का तुला? सोन्याची शीर पश्चिमेकडे जाड होत जाते! मी वेड्यासारखा इतकी वर्षं पूर्वेला खणत बसलो."

बाटली, मीठ, मिरी. खूप, थोडं, नावापुरतं. नोएलीनला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माखलेली चक्की अशीच साफ होत जाते. पहिला दगड जास्त पुसून नेतो, दुसरा उरलेलं, तिसरा त्याहून उरलेलं. शीर जमिनीत नव्हती, ती बर्टच्या चक्कीत होती, आणि तीही दुसऱ्याच कुणाच्या खाणीची.

"काय झालं? तोंड का असं केलंस?" क्लॅरी म्हणाला. "भावाचं बरं झालेलं बघवत नाही वाटतं!"

"पॅस्टी जळतेय," ती म्हणाली आणि ओव्हनकडे वळली.

तो दोन पॅस्ट्या खाऊन गेला. कितीतरी महिन्यांत त्याने एक पॅस्टीसुद्धा पूर्ण संपवली नव्हती. पर्थचं तिकीट त्याने दुसऱ्या दिवशी रद्द केलं, तंबू, पहार नि पाण्याची पिंपं पिकअपमध्ये भरली आणि रानात गेला.

केरिनचा फोन आला. "आत्या, बाबा येत नाही म्हणतात. सोनं लागलंय म्हणे. खरंच का? तू लॅबमध्येच आहेस, तुला माहीत असेल."

"मी नुसतं पीठ करते, बाळा. निकाल मी बघत नाही." हे खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर तिला ते खोट्यासारखंच लागत राहिलं.

त्या दिवसांत तिने देवाकडे जे मागितलं, ते तिने आजवर कधी मागितलं नव्हतं. सोनं. नवरा आजारी असताना तिने फक्त त्याच्या वेदना कमी कर म्हटलं होतं. आता चर्चमध्ये गुडघे टेकून ती म्हणायची, देवा, त्या खडकात थोडं तरी असू दे. तू पृथ्वी केलीस तेव्हा तिथे चिमूटभर टाकलं असशील. मी चुकले ती चुकले, पण दगड खोटा असू नये. प्रार्थना संपली की तिला लाज वाटायची, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तेच मागायची.

शेवटी तिने रोवेनाला सगळं सांगितलं. प्रत्येक पिशवीतले थोडे न दळलेले खडे लॅबमध्ये राखून ठेवलेले असतात. दोघींनी ते काढले. नोएलीनने आधी वाळूचा डबा लावला, मग क्लॅरीचे खडे, प्रत्येकाच्या मध्ये पुन्हा वाळू. सोनं असलं तर शेवटी लहानशा वाटीच्या तळाशी एक मणी राहतो. अगदी मोहरीपेक्षा बारीक असला तरी दिसतो. रोवेनाने तिन्ही वाट्या दिव्याखाली धरल्या, तिरक्या केल्या, चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या.

"काही नाही गं," ती म्हणाली. "देवाशपथ, मी खूप बघितलं."

नोएलीनने वाट्या तिच्या हातातून घेऊन खाली ठेवल्या.

"साहेबांना आधी सांगशील की भावाला?"

"भावाला."

"मग जा. इथलं मी बघते. आणि परत आलीस की साहेबाकडे दोघी जाऊ. तुला एकटीला ओरडताना त्याला मजा येईल, दोघी असलो की त्याची पंचाईत."

क्लॅरीचा तंबू निलगिरीच्या जातीच्या सॅमन गम झाडांच्या विरळ सावलीत होता. लाल मातीत पश्चिमेकडे सरळ रेघेसारखा चर गेलेला, कमरेइतका खोल. एवढं त्याने एकट्याने, त्या छातीने खणलं होतं. तो चराच्या तोंडाशी बसून श्वास जमवत होता. ओठ निळसर, पण डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"आलीस! ये, शीर दाखवतो. अजून दिसत नाही, पण खडकाचा रंग बदललाय बघ. बदललाय ना?"

रंग बदलला नव्हता.

"क्लॅरी, ऐक. त्या पिशव्या मी लावल्या होत्या."

"माहीत आहे. म्हणून तर लवकर झाल्या. माझ्या बहिणीचा वशिला!"

"रांगेत तुझ्या पुढे लाल फितीची पिशवी होती. मागचा वाळूचा डबा मी काढला. तुझ्या तिन्हींना जागा व्हावी म्हणून."

त्याने माश्या हाकलायला हात वर नेला होता, तो तसाच राहिला. पिढ्यान्‌पिढ्या खाणीत गेलेल्या घरातला तो, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तरी तिने सगळं सांगितलं. पुन्हा दळलं, रोवेनाने पाहिलं, वाट्या रिकाम्या होत्या. तो चराकडे बघत ऐकत राहिला.

"खूप, थोडं, नावापुरतं," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. इतकी देखणी शीर कुणाच्या बापाने पाहिलीय?"

"तू रोज फोन करत होतास. तुझा खोकला..."

"म्हणजे आता माझाच दोष?"

"नाही. माझा."

"तुझाच आहे." असं तो मोठ्याने म्हणाला, आणि तेवढ्याने त्याला ढास लागली. ती पाण्याचा मग घेऊन उभी राहिली. त्याने मग घेतला नाही. ढास थांबल्यावर मात्र तो घेतला. "तुला माहीत आहे नेल, हे दिवस मी सकाळी उठायचो ना, तेव्हा मला उठावंसं वाटायचं. तू सांगायला आली नसतीस तर?"

"तर तू या चरातच पडला असतास."

"हो," क्लॅरी म्हणाला. "तेच म्हणतोय मी."

देवाचं नाव घ्यायला तिची जीभ वळली नाही. तिने चुलीवर माती लोटली आणि तंबूच्या खुंट्या उपटायला लागली. पहिली खुंटी तिला निघेना. क्लॅरी उठून आला आणि हातोड्याने ती मोकळी करून दिली. दोघांनी सामान भरलं. त्याला दम लागला होता, म्हणून पिकअप तिने चालवला. तिची गाडी तिथेच राहिली.

गावातली पहिली घरं दिसायला लागली तेव्हा तो बोलला.

"केरिनला हे सांगू नकोस."

"मग काय सांगू?"

"होतं म्हणून सांग. थोडं होतं, खणून परवडण्यासारखं नव्हतं. बाप म्हातारपणी वेडा झाला असं पोरीला वाटायला नको."

"मी खोटं नाही बोलत, क्लॅरी. तुला माहीत आहे."

"माहीत आहे." त्याने खिडकीची काच वर केली. "एवढं माझ्यासाठी कर. पिशव्या पुढे ढकलल्यास ना माझ्यासाठी? हेही कर."

सोमवारी रोवेना आणि ती साहेबाकडे गेल्या. साहेब ओरडला नाही, आणि तेच जास्त लागलं. बर्ट दुसऱ्याकडे दिला, नोएलीनला पिशव्या उतरवून घ्यायच्या दाराशी बसवलं. क्लॅरीच्या निकालावर काट मारून नवा कागद निघाला. तो क्लॅरीने न वाचताच चुलीत घातला.

पर्थला निघायच्या आदल्या दिवशी नोएलीनच्या घरी केरिनचा फोन आला. क्लॅरी आतल्या खोलीत पलंगावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होता. वाकलं की त्याला दम लागायचा, म्हणून एक नाडी बांधून तो थांबला होता.

"आत्या, बाबा एकदम तयार कसे झाले? मी तर आशाच सोडली होती. सोन्याचं काय झालं मग? होतं का तिथे?"

आतल्या खोलीत क्लॅरीने दुसरी नाडी हातातच धरून मान वर केली.

"होतं," नोएलीन म्हणाली. "थोडंच होतं. खणून परवडण्यासारखं नव्हतं."

"पण होतं ना! म्हणजे बाबांचा अंदाज बरोबर होता! बिचारे. मी त्यांना उद्या स्टेशनवर आल्या आल्या सांगणार बघ, बाबा, तुम्ही खरे निघालात म्हणून."

"सांग हं बाळा," नोएलीन म्हणाली, आणि केरिन आणखी पुष्कळ बोलत राहिली, ते ती ऐकत उभी राहिली.