माझ्या केबिनमधला डोळे तपासायचा तक्ता

आज सकाळी कात्रजजवळच्या आमच्या गोदामात फोर्कलिफ्टखाली लताताईंचा पाय चिरडला. लताताई पॅकिंगला आहेत. पाय वाचणं अवघड आहे, असं डॉक्टर म्हणाले.

फोर्कलिफ्ट जगताप काका चालवत होते. वीस वर्षांत साधा खोका पाडला नाही त्यांनी. त्यामुळे सगळ्यांनी आधी गाडीलाच दोष दिला. ब्रेक, टायर, हॉर्न तपासले. सगळं ठणठणीत निघालं.

दुपारी काकांना केबिनमध्ये बसवून विचारलं, "अहो, लताताई पिवळं जॅकेट घालून समोर उभ्या होत्या. दिसल्या कशा नाहीत?"

"नाही दिसल्या, मॅडम. दोन वर्षं झाली, धूसरच दिसतंय. सांगितलं असतं तर गाडीवरून उतरवलं असतंत तुम्ही."

"मग दरवर्षी माझ्यासमोर तक्ता कसा वाचता?"

काकांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालूनच शेवटची ओळ म्हणाले, "ग, न, र, ल, च."

तो तक्ता माझ्याच केबिनमध्ये, चहाच्या टेबलामागच्या भिंतीवर बारा महिने टांगलेला असतो. मी सेफ्टी ऑफिसर. डॉक्टर बोलवायचा कंटाळा, म्हणून डोळे मीच तपासते. 'फिट' लिहून सहीसुद्धा मीच करते.

घरी आल्यावर डोळे मिटून म्हणून पाहिलं. मलाही अख्खा तक्ता पाठ आहे.

उद्या अपघाताच्या अहवालात 'चालकाची चूक' असं लिहायचं, असं वरून सांगितलंय. खाली सही माझीच लागेल.

तुम्ही केली असती?